चाक चढलं, पण बसलं का?

चाकाला भोकं चार, हबला स्टड चार, चारी नट आवळले गेले की आपण म्हणतो, "बसलं चाक!" टायरवालाही तसंच म्हणतो आणि पैसे घेतो. पण चाक गाडीवर चढणं वेगळं आणि गाडीला बसणं वेगळं. हा फरक मिलिमीटरमध्ये मोजता येतो, आणि तो मोजायला लागणारी सगळी गणितं आपण मशीन डिझाइनच्या पेपरात पाच-पाच मार्कांसाठी पाठ करून विसरलेले असतो. म्हणून हा लेख.

(भाषेबद्दल आधीच सांगून ठेवते. मी कॉन्व्हेंटची, पाढेसुद्धा 'टू टूज आर फोर' असेच शिकले. 'ऑफसेट'ला मराठी शब्द काय, असं संपादक मंडळाने विचारलं. गॅरेजमध्ये ऑफसेटच म्हणतात, मीही तेच लिहिते. चालवून घ्या.)

उदाहरण खरंखुरं घेऊ. माझा आत्येभाऊ न्यू जर्सीला असतो, घरात सगळ्यांचा तो दादा. त्याने तिथे १९९१ ची जुनी मझदा एमएक्स-५ घेतली. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात. दोन सीट, उघडणारं टप, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. एवढ्या पैशांत चांगली चार सीटची गाडी आली असती असं आत्याचं म्हणणं आहे, पण तो विषय वेगळा. तर दादाला तिथे कुणीतरी वापरलेली अलॉय व्हील्स विकत होतं. जाहिरातीत लिहिलेलं: १५ × ८, ईटी ०, ४ × १००, बोअर ७३.१. आणि खाली, 'मियाटाला बसतात'. दादाने फोटो पाठवला आणि विचारलं, "तू मेकॅनिकलला आहेस ना, मग सांग बघू, घेऊ का?" दादा स्वतः कॉम्प्युटरवाला.

हे आकडे म्हणजे चाकाची पत्रिका. गाडीच्या पत्रिकेशी ती जुळवायची.

१५ म्हणजे टायरची कड जिथे बसते तिथला व्यास, इंचात. ८ म्हणजे रुंदी, तीही इंचात. पण ती टायरच्या दोन कडा आतून जिथे टेकतात त्या दोन जागांमधली. रिमच्या बाहेरच्या काठापासून काठापर्यंत पट्टी धरली तर साधारण एक इंच जास्त भरतं. वर्कशॉपमध्ये आठ इंची चाक मोजून "हे तर नऊचं आहे" म्हणणारे बरेच भेटतात, त्याचं कारण हेच.

ईटी हे 'आइनप्रेसटीफ' या जर्मन शब्दाचं लघुरूप. म्हणजेच आपला ऑफसेट. चाकाची जी सपाटी हबला टेकते ती, आणि चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य, या दोहोंमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. सपाटी मध्यापासून रस्त्याच्या बाजूला असेल तर ईटी धन, गाडीच्या बाजूला असेल तर ऋण. ईटी जेवढी मोठी तेवढं चाक आत सरकतं, लहान झाली की बाहेर येतं. व्हायव्हात विचारलं तर निम्मी बॅच उलटं सांगेल, म्हणून एकदा वहीत आकृती काढून बघाच.

आता गणित. मियाटाचं मूळ चाक १४ × ५.५, ईटी ४५. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी, त्याचे निम्मे ६९.८५. हबच्या सपाटीपासून चाक आतल्या बाजूला ६९.८५ + ४५ = ११४.८५ मिमी जातं, आणि बाहेरच्या बाजूला ६९.८५ − ४५ = २४.८५ मिमी. जाहिरातीतलं चाक आठ इंची, म्हणजे २०३.२ मिमी, निम्मे १०१.६. ईटी शून्य, तेव्हा आत १०१.६ आणि बाहेरही १०१.६. वजाबाकी केली तर आतली कड गाडीपासून १३.२५ मिमी लांब गेली, आणि बाहेरची कड ७६.७५ मिमी बाहेर आली. हाताची चार बोटं शेजारी शेजारी ठेवा. साधारण तेवढं चाक मूळ जागेच्या बाहेर!

दादाचं म्हणणं, "पण विकणाऱ्याच्या स्वतःच्या मियाटावर ती लावलेली होती, फोटोत मस्त दिसतायत." दिसणारच. फोटोत गाडी उभी असते. मडगार्डच्या आतल्या बाजूला पत्रा वळवून एक ओठासारखी कड केलेली असते. गाडी खड्ड्यात गेली, सस्पेन्शन दबलं, की चाक वर येतं आणि ही कड टायरला भिडते. टायर सगळ्यात कमकुवत असतो तो बाजूला, साइडवॉलवर. ती हळूहळू कापत गेली तर बाहेरून दिसायला वेळ लागतो आणि फुटायला लागत नाही. हौशी लोक यावर दोन उपाय करतात. एक, ती कड गरम करून रोलरने आत वळवतात (गरम न करता वळवली तर रंगाला तडे जातात). दुसरा, चाकाला निगेटिव्ह कॅम्बर देऊन त्याचा माथा आत झुकवतात. साधारण ५७६ मिमी व्यासाच्या चाकाला एक अंश कॅम्बर दिला तर माथा हबच्या मानाने २८८ × साइन १°, म्हणजे जेमतेम ५ मिमी आत येतो. पंच्याहत्तर मिमीच्या दुखण्याला पाच मिमीचं औषध! काही जण दहा-बारा अंशांपर्यंत जातात. मग टायर फक्त आतल्या कडेवर चालतो, आणि ब्रेक लावल्यावर रस्त्याला धरायला रबरच उरत नाही.

मडगार्ड हे निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान स्टिअरिंगमध्ये आहे. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मनात जमिनीपर्यंत वाढवा. तो जमिनीला जिथे भेटतो ती जागा आणि टायर जिथे टेकतो त्याचा मध्य, यांतलं आडवं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. कारखान्यात हे अंतर विचार करून ठरवलेलं असतं. ईटी ४५ वरून ० वर आली की टेकण्याचा मध्य सरळ ४५ मिमी बाहेर सरकतो. मग एका चाकाखाली ओला रस्ता आणि दुसऱ्याखाली कोरडा असताना ब्रेक दाबला, की दोन बाजूंच्या ओढीतला फरक लांब दांड्याने स्टिअरिंगवर येतो आणि ते हातातून ओढलं जातं. बेअरिंगचंही तसंच. एका चाकावर साधारण २४० किलो, म्हणजे २३५० न्यूटन, गुणिले ०.०४५ मीटर. १०६ न्यूटन मीटरचा मोमेंट बदलला, तोही गाडी नुसती उभी असताना. लांब स्पॅनर लावून अंगाचा जोर देऊन नट आवळतो, साधारण तेवढा टॉर्क. कुणी म्हणेल की मूळ चाकामागे ४५ मिमीचा स्पेसर लावला तर? तेच. स्पेसर म्हणजे विकत घेतलेली कमी ईटी.

टायरचं थोडक्यात सांगते. मूळ टायर १८५/६० आर १४. बाजूची उंची १८५ च्या ६० टक्के म्हणजे १११ मिमी, रिमचा व्यास ३५५.६, एकूण व्यास ५७७.६. पंधरा इंची रिमवर १९५/५० घेतला तर ३८१ + १९५ = ५७६. फरक दीड मिमीचा, म्हणजे स्पीडोमीटरला पत्ताही लागणार नाही. पुढच्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये काही मॉडेलांना मझदाने स्वतःच १५ × ६, ईटी ४० रिमवर हाच टायर दिला होता. मात्र १९५/५० हा टायर साडेपाच ते सात इंच रुंदीच्या रिमसाठी आहे. आठ इंची रिमवर तो चढतो, हवा भरताना 'टक्क' करून बसतोही, पण ताणून. त्याच्या कडा तिरक्या ओढल्या जातात आणि जोरात वळण घेताना रिमवरून निसटायची भीती वाढते. ताणलेला टायर दिसतो छान हे मात्र मी कबूल करते.

आता मधलं मोठं भोक, म्हणजे बोअर. ४ × १०० म्हणजे चार भोकं, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. त्यालाच पीसीडी म्हणतात. चार भोकांचं पीसीडी समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतून सरळ मोजता येतं. पाच भोकं असतील तर समोर भोकच नसतं, तेव्हा शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घ्या आणि १.७०१ ने गुणा (साइन ३६° ने भागा, तेच). ४ × १०० च्या गाड्या जगात खंडीभर आहेत, पण प्रत्येकीचं हब वेगळं: मियाटाचं ५४.१ मिमी, होंडाच्या छोट्या गाड्यांचं ५६.१, रेनॉच्या बऱ्याच गाड्यांचं ६०.१. बाहेरची चाकं बनवणारे म्हणूनच बोअर ७३.१ सारखं मोठं ठेवतात, सगळ्यांना चढावं म्हणून. मियाटाच्या हबभोवती मग चहूबाजूंनी साडेनऊ मिमी मोकळी जागा राहते. ती भरायला हब रिंग येते, बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१. किंमत किरकोळ, पण ती नसली तर चाक मध्यावर आणण्याचं सगळं काम नटांवर येतं. एक नट आधी घट्ट झाला की चाक किंचित एका बाजूला बसतं, आणि ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंग करून घेतात, पुन्हा करून घेतात, टायरवाल्याशी भांडतात. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक बरोबरच असतं हो, गाडीवर ते मध्याला नसतं!

पीसीडीच्या बाबतीत 'जवळपास' चालत नाही. आपल्याकडच्या फियाट पॅलिओचं पीसीडी ४ × ९८. शंभरची चाकं स्वस्तात आणि भरपूर मिळतात, आणि दोन मिमीचा फरक म्हणजे प्रत्येक स्टडमागे एकच मिमी, जोर लावला की जातं. जातं खरं. पण मग नट आपल्या खोबणीत पूर्ण न बसता एका अंगावर बसतो.

नट पूर्ण बसणं एवढं महत्त्वाचं का, ते आता बघू. या लेखातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. हॉस्टेलवर दहा जणांना विचारलं की गाडीचं वजन चाकावर कशातून येतं, तर आठ जण म्हणाले, "स्टडमधून. चाक स्टडवर लटकलेलं असतं." दोघं म्हणाले, "हबच्या उंचवट्यावर." गणित करू. मियाटाच्या नटांना कंपनीने सांगितलेला टॉर्क ८८ ते ११८ न्यूटन मीटर. आपण ११० घेऊ. स्टड एम १२ × १.५. आपलं नेहमीचं सूत्र: टॉर्क = के × बल × व्यास, कोरड्या आट्यांसाठी के ०.२. बल = ११० ÷ (०.२ × ०.०१२) = साधारण ४६,००० न्यूटन. एका स्टडमध्ये साडेचार टनांहून जास्त ताण! चार स्टड मिळून १,८४,००० न्यूटनने चाक हबवर दाबलेलं असतं. घर्षणाचा गुणांक कमी धरून ०.१५ घ्या, दोन सपाट्यांमधलं घर्षण २७,००० न्यूटनांहून जास्त झालं. चाकावरचं वजन २३५० न्यूटन. खड्ड्यात ते चारपट झालं तरी दहा हजारांच्या आत. म्हणजे चाक कशावर लटकलेलं नाहीच, ते हबला दाबाने चिकटलेलं आहे. स्टडचं काम फक्त ताणलेलं राहणं. म्हणूनच हब रिंग प्लॅस्टिकची असली तरी चालते, तिने फक्त आवळेपर्यंत चाक मध्यावर धरायचं असतं.

हे कळलं की गॅरेजमधल्या अनेक 'पद्धतीं'चा अर्थ लागतो. हब आणि चाकाच्या मध्ये गंज, रंगाचा जाड थर किंवा माती राहिली तर आवळताना दाब आला असं वाटतं, पण पुढे ती माती दबते, झडते, आणि ताण निघून जातो. न्यू जर्सीत हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे दादाच्या हबवर गंजाचे पापुद्रे होते. ते तारेच्या ब्रशने घासून सपाटी चमकेपर्यंत साफ करायला मी त्याला दोनदा सांगितलं. दुसरी पद्धत म्हणजे नट सहज फिरावेत म्हणून आट्यांना तेल लावणं. तेलाने के ०.१५ पर्यंत उतरला तर त्याच ११० टॉर्कला बल ६१,००० न्यूटन होतं. एम १२ × १.५ चं स्ट्रेस क्षेत्र साधारण ८८ चौ. मिमी. कोरड्या आट्यांना ताण ५२० मेगापास्कल होता, आता ६९० च्या पुढे. ८.८ ग्रेडच्या बोल्टची प्रूफ स्ट्रेंथ ५८० मेगापास्कल असते. तुमचा स्टड त्याहून वरच्या ग्रेडचा असेलही, पण तेल लावून हे तपासायची गरज काय?

आणि आता नटाची बैठक, जिथे खरा धोका लपलेला आहे. नट ज्या भागाने चाकावर टेकतो तो बहुतेक गाड्यांत साठ अंशांचा शंकू असतो. मझदाचा तसाच आहे, बाहेरच्या अलॉय व्हील्सनाही बहुधा तशीच खोबण असते. होंडाच्या मूळ नटाची बैठक मात्र गोल, चेंडूच्या तुकड्यासारखी. आणि गंमत अशी की होंडाचे आटेही एम १२ × १.५ च. म्हणजे होंडाचा नट मियाटाच्या स्टडवर लोण्यासारखा फिरत जातो, घट्ट होतो, टॉर्क रेंच क्लिकसुद्धा करतो. पण गोल बैठक शंकूत एका बारीक वर्तुळावरच टेकते. सगळा दाब त्या रेषेवर. अॅल्युमिनियम तिथे दबतं, ताण उतरतो, घर्षण जातं, चाक हबवर किंचित सरकू लागतं. तेव्हा कुठे स्टडवर आडवा मार बसायला लागतो, प्रत्येक फेऱ्याला एकदा. याला फटीग म्हणतात हे आपल्याला माहीत आहे. स्टड शेवटी एका साध्या वळणावर तुटतो, फार वेगातही नाही. विकणारा दादाला चाकांबरोबर नटही फुकट देत होता. मी त्यांचा जवळून फोटो मागवला. सोळाच्या सोळा गोल बैठकीचे.

तर ती चाकं घेतली नाहीत. दादा दोन दिवस रुसला होता, फोटो फार चांगला होता ना. शेवटी १५ × ७, ईटी ३५ मिळाली. सात इंच म्हणजे १७७.८, निम्मे ८८.९, आत १२३.९, बाहेर ५३.९. मूळपेक्षा आत ९ मिमी, बाहेर २९ मिमी. १९५/५० च्या मर्यादेत रिम, स्क्रब रेडियस फक्त १० मिमीने हललेला. घेण्याआधी चाकाच्या आतल्या बाजूला 'जेडब्ल्यूएल' ही अक्षरं ओतलेली आहेत का तेही बघायला सांगितलं. जपानमधल्या अलॉय चाकांच्या मानकाची ती खूण.

कागदावर जुळलं तरी चढवून बघावंच लागतं. ब्रेकचा कॅलिपर आणि चाकाचे आरे यांतली जागा कुठल्याच आकड्यात येत नाही. एकच ईटी असलेल्या दोन चाकांचे आरे वेगवेगळ्या बाकाचे असतात. टायर न चढवता नुसतं रिम लावून हाताने फिरवायचं. कॅलिपरवर कणकेचा छोटा गोळा चिकटवायचा, चाक फिरवून काढायचं आणि दबलेल्या गोळ्याची जाडी व्हर्नियरने मोजायची. (दादाने कणीक मळली हे आत्याला अजून खरं वाटत नाही.) तीन मिमीच्या खाली जाऊ नये, आणि बॅलन्सिंगची शिशाची पट्टी त्या जागी येणार असेल तर तिची जाडी वेगळी धरायची. मग टायरसकट चाक लावून स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन बघायचं. हे नुसत्या लटकत्या चाकावर बघून उपयोग नाही. खालच्या आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन दाबायचं आणि मग आत-बाहेर बोटं घालून जागा चाचपायची.

आवळताना गाडी जॅकवर असतानाच नट हाताने, समोरासमोरच्या क्रमाने, चाक मध्यावर येईपर्यंत फिरवायचे. एअर गनने सुरुवात करायची नाही, मग टायरवाला कितीही घाईत असो. चाक जमिनीला टेकलं की टॉर्क रेंच, त्याच क्रमाने, आधी निम्म्या टॉर्कला आणि मग पूर्ण. नवीन चाकाची खोबण पहिल्या काही फेऱ्यांत थोडी दबून बसते, म्हणून ऐंशी ते शंभर किलोमीटर झाल्यावर, चाकं थंड असताना, पुन्हा एकदा रेंच लावायचा. दादाने तो लावला तेव्हा मागच्या डाव्या चाकाचा एक नट पाव फेऱ्याहून थोडा कमी फिरला आणि मग क्लिक झाला. बाकीचे पंधरा जागचे हलले नाहीत.